तळ्याकाठची बिनमोटारीची वाट

आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या जिन्याखाली एक सायकल आहे. काळ्या रंगाची, बावीस इंची, मागे भक्कम कॅरिअर असलेली. तिच्यावरून मी कॉलेजात गेलो, पुढे तीस वर्षे कचेरीत गेलो आणि पुढच्या दांड्यावर मुलीला बसवून रविवारी कमाटीबागेतही गेलो. बारा वर्षांपूर्वी रावपुऱ्यात एका रिक्षाचा मागून धक्का बसला आणि डावा हात मनगटात मोडला. हात दोन महिन्यांत जुळला. सायकल मात्र त्या दिवसापासून जिन्याखाली गेली ती गेलीच. तिच्यावर आधी जुनी वर्तमानपत्रे साठली, मग दिवाळीचे आकाशकंदील, मग नादुरुस्त पंखा. घरात कोणी तिचे नाव काढत नसे.

बडोद्याच्या जुन्या मंडळींना सायकलीचे कौतुक सांगायला नको. सपाट शहर, सावलीचे रस्ते आणि कुठूनही कुठे जायचे तरी अर्ध्या तासाचा मामला. प्राध्यापक सायकलवर, वकील सायकलवर, तंबोऱ्याची गवसणी खांद्याला लावून गाण्याच्या शिकवणीला निघालेल्या मुलीही सायकलवर. रस्ता सर्वांचा होता, आणि तो आपला आहे हे कोणाला मुद्दाम सांगावे लागत नव्हते. तो आपल्या हातून केव्हा गेला ते आपल्याला कळलेदेखील नाही. आधी मुलांची सायकल सुटली, मग म्हाताऱ्यांची. आता उरले आहेत ते दूधवाले, पेपरवाले आणि ज्यांना दुसरे काही परवडत नाही असे लोक.

हे सगळे आठवायला कारण झाले ते गेल्या जूनमधला इंग्लंडचा प्रवास. थोरली मुलगी व जावई उत्तर इंग्लंडात न्यूकॅसल येथे असतात. नात नऊ वर्षांची. आम्ही उभयता तेथे पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी नातीने जाहीर केले, "आजोबा, शनिवारी आपण कील्डरला सायकल चालवायला जायचं." मी म्हटले, "तू चालव, मी काठावर बसून बघेन." आमच्या सौभाग्यवतींनी तर विषय तेथेच संपवला. "ह्यांचा हात एकदा जुळलाय, दुसऱ्यांदा जुळायचा नाही," त्या म्हणाल्या. पण मुलगी आईवर गेलेली आहे. तिने मोटारीच्या टपावर सायकली बांधल्या, त्यांत माझ्यासाठी शेजाऱ्यांची मागून आणलेली एक बसक्या दांड्याची सायकलही होती.

कील्डर हे न्यूकॅसलच्या वायव्येला, नॉर्थंबरलंड परगण्याच्या अगदी टोकाला आहे. तेथून स्कॉटलंडची सरहद्द तीन-चार मैलांवर. पावणेदोन तास मोटारीने जावे लागते आणि शेवटच्या टप्प्यात माणसांपेक्षा मेंढ्याच अधिक भेटतात. नॉर्थ टाइन नदीवर धरण बांधून केलेला हा तलाव पाण्याच्या साठ्याच्या हिशेबाने ब्रिटनमधला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव आहे. त्यात वीस हजार कोटी लिटर पाणी मावते. भोवती पसरलेले अरण्यही माणसांनीच लावलेले, आणि तेही इंग्लंडातले त्या जातीचे सर्वांत मोठे. तलाव आणि अरण्य मिळून जो प्रदेश होतो त्याला ते लोक उद्यानच म्हणतात. आपल्या कमाटीबागेवरून मात्र त्याची कल्पना करू नये.

ह्या तलावाला काठाकाठाने संपूर्ण वळसा घालणारी एक वाट आहे. लांबी २६ मैल, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर. तुकड्यातुकड्यांनी जोडत जोडत २००९ च्या सुमारास ती पुरी झाली. बारीक खडी दाबून केलेली, दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंद. तिच्यावर पायी चालावे, सायकल चालवावी, घोड्यावरून जावे किंवा अपंगांच्या चाकाच्या खुर्चीतून जावे. मोटारीला मात्र तेथे मज्जाव. धरणाची जागा आणि जंगलखात्याच्या रस्त्यांशी गाठ पडते अशी काही ठिकाणे सोडली, तर मैलोन् मैल मोटारीची गाठ पडत नाही. तलावाच्या उत्तर काठाला तर रहदारीचा रस्ताच नाही. पलीकडच्या काठावर एखादी मोटार मुंगीएवढी सरकताना दिसते, तिचा आवाजही आपल्यापर्यंत येत नाही.

आम्ही धरणाच्या उत्तर टोकाला मोटार ठेवली. नात पुढे, मुलगी तिच्या मागे, जावई सर्वांत शेवटी आणि मधोमध मी. पायडलवर पाय ठेवला तेव्हा मी पहिल्यांदा काय केले असेल? मान वळवून मागे पाहिले. दहा वावांवर पुन्हा पाहिले. मागे जावयाखेरीज कोणी नव्हते. तरीही पहिला अर्धा मैल मी दर मिनिटाला मागे पाहतच होतो. रावपुऱ्यातला तो धक्का हातातून गेला होता, मानेतून गेला नव्हता. मग एका वळणावर पाण्याचा मोठा पसारा एकदम समोर आला, वारा तोंडावर आला, आणि पुढे केव्हातरी माझ्या ध्यानात आले की बराच वेळ आपण मागे पाहिलेले नाही. सायकल येणे म्हणजे नुसता तोल येणे नव्हे. मागून कोणी अंगावर येणार नाही हा भरवसाही त्यात आला. तो भरवसा गेला की चांगल्या सायकलस्वाराचाही तोल जातो.

वाट मात्र सपाट नाही. काठ जसा आत-बाहेर वळतो तशी तीही वळते, आणि प्रत्येक ओढ्यापाशी उतरून पुन्हा चढते. एका चढावर मी खाली उतरून सायकल हाताने ढकलली, आणि तसे करणारा मी एकटाच नव्हतो. समोरून एक गृहस्थ आले, दोन्ही पायांनी अधू. ते एका बुटक्या तीनचाकीत जवळजवळ पडल्यासारखे बसून हातांनी पायडल फिरवीत होते. तलावाकाठी अपंगांना साहसाचे खेळ शिकवणारे एक केंद्र आहे, तेथून ते निघाले होते. माझ्याकडे पाहून हसले आणि चढ चढून निघून गेले. पुढे एक बाई घोड्यावर भेटल्या. येथला रिवाज असा की घोडा दिसला की सायकल हळू करायची, तोंडाने काहीतरी बोलायचे म्हणजे घोडा बुजत नाही, आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. नातीने शिकवल्याप्रमाणे मी "गुड मॉर्निंग" म्हटले. ते घोड्याला होते की बाईंना, ते आम्हा तिघांनाही कळले नाही.

मुख्य वाटेपासून थोडे बाजूला, बेलिंग नावाच्या पाण्यात शिरलेल्या भूशिरावर दगडांची एक गोल खोपी आहे. चुना-माती न लावता दगडावर दगड रचून केलेली, मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याच्या घाटाची. ख्रिस ड्र्यूरी ह्या कलावंताने १९९६ साली ती उभारली. आत शिरून दार लावले की काळोख. वर छताशी एक भिंग आणि आरसा बसवलेला आहे. काळोखाला डोळे सरावले की पायाखालच्या फरशीवर बाहेरच्या तलावाच्या लाटा हलताना दिसू लागतात. चित्र नव्हे, त्या क्षणीच्या खऱ्या लाटा. नात एकदम मागे सरकली. "आजोबा, पाणी आत आलंय!" ती म्हणाली. मी तिचा हात धरला. खोटे पाणी आहे हे ठाऊक असूनही मी माझा पाय थोडा उचललाच.

बाहेर आल्यावर तिने सहज विचारले, "ह्या पाण्याखाली काय आहे?"

उत्तर जावयाने दिले. पाण्याखाली शेते आहेत, मेंढपाळांची घरे आहेत, एक शाळा आहे, आणि आगगाडीचा रस्ता आहे. ही कथा जाणून घेण्यासारखी आहे, कारण ती कळल्याशिवाय ह्या वाटेचे मोल कळत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची फार चणचण भासली. म्हणून १९१९ मध्ये तेथे सरकारी जंगल मंडळ स्थापन झाले, आणि १९२६ पासून कील्डरच्या उघड्याबोडक्या माळावर झाडे लावली जाऊ लागली. मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा सिटका स्प्रूस, भराभर वाढणारा. ह्या खोऱ्यातून आगगाडी त्याआधीच, १८६२ पासून, जात होती. १९५६ साली तिची उतारूंची वाहतूक बंद झाली. पुढे १९६० च्या दशकात टीस नदीच्या मुखाकडचे पोलादाचे आणि रसायनांचे कारखाने वाढत जाणार, त्यांना अफाट पाणी लागणार, असा हिशेब मांडला गेला. त्यासाठी हे खोरे निवडले. विरोध झाला, चौकश्या झाल्या, आणि १९७५ मध्ये धरणाचे काम सुरू होऊन १९८१ मध्ये संपले. १९८२ साली एलिझाबेथ राणीच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणातले पाणी नदीतून खाली जाते, आणि लागेल तेव्हा ते उपसून डोंगराखालच्या बोगद्याने वेअर आणि टीस ह्या दोन नद्यांकडे नेता येते. अशी ही खोऱ्याखोऱ्यांना जोडणारी योजना.

पण धरण भरेतो हिशेब चुकला होता. पोलादाचा धंदा ओसरला, आणि ज्या तहानेसाठी एवढे खोरे बुडवले ती तहान लागलीच नाही. लोकांनी त्याला पांढरा हत्ती म्हटले. पुढे कोरड्या सालांत उत्तर-पूर्व इंग्लंडला ह्या साठ्याचा मोठा आधार झाला, हेही खरे. तरी ज्यांच्या चुलीवरून पाणी फिरले, त्यांना हा आधार सांगून काय समाधान होणार?

मला ह्यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटली. चुकलेला हिशेब कोणाला दुरुस्त करता येत नाही. खोरे परत मिळत नाही. पण उरलेल्या काठाचे काय करायचे, हा निर्णय मात्र माणसांच्या हातात असतो. तेथे वर्षानुवर्षे थोडे थोडे करून काठ सर्वांना मोकळा केला गेला. दक्षिण काठावर टॉवर नो आणि लीप्लिश येथे उतरण्याची, खाण्यापिण्याची सोय झाली. वाटेवर ठिकठिकाणी कलावंतांकडून काहीबाही बांधून घेतले गेले, ते बसायला, पावसातून आडोसा घ्यायला उपयोगी पडेल असे. उत्तर काठावर १९९९ साली उभी राहिलेली एक पोलादी खोली आहे. बाहेरून ती आरशासारखी चकाकते आणि आत बसले की पिवळ्या सोनेरी उजेडात तलाव न्याहाळता येतो. तिच्यापर्यंत मोटार जातच नाही. पायी जा, सायकलने जा किंवा पाण्यावरून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावाच्या वरच्या टोकाला, कील्डर गावापाशी गेलो. तेथे १७७५ साली नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने शिकारीसाठी बांधलेली कोठी आहे, तिला किल्ला म्हणतात. जवळच त्या बंद पडलेल्या आगगाडीचा दगडी पूल अजून उभा आहे. सात कमानी, आणि वर किल्ल्यासारखे कंगोरे. पूल नदीला काटकोनात न जाता तिरपा जातो, म्हणून कमानींचा एकेक दगड गणिताने मोजून वेगवेगळा घडवलेला. आता त्यावरून आगगाडी जात नाही, माणसे जातात. आगगाडीचा जुना रस्ता धरून एक सोपी वाट स्कॉटलंडच्या सरहद्दीकडेही जाते. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे ती माझ्यासारख्याच्या गुडघ्यांना मानवणारी. त्या पुलावर आम्ही सायकली टेकवल्या आणि घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. सौभाग्यवती मोटारीने गावापर्यंत आल्या होत्या, पुलापर्यंत चालत आल्या. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचा चेहरा कॉलेजातल्यासारखा झालाय." कॉलेजात असताना त्यांनी मला पाहिलेले नाही. पण मी ते दुरुस्त केले नाही.

वाचकांपैकी कित्येकांची मुलेबाळे आता त्या देशात आहेत. कोणी गेलेच तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संपूर्ण फेरी सवयीच्या माणसाला अर्ध्या दिवसाची. लहान मुले किंवा वयस्क बरोबर असतील तर तुकडा निवडावा आणि आल्या वाटेने परतावे. उत्तर काठ अतिशय शांत, परंतु तेथे दुकान नाही, मदत नाही, आणि दूरध्वनीही अनेक जागी लागत नाही. पाणी, शिदोरी आणि पंक्चरचे सामान बरोबर पाहिजेच. जून-जुलैत रात्री साडेनऊलाही उजेड असतो, पण वारा पडला की डोळ्यांना न दिसणारी चिलटे अशी फोडून काढतात की आपले डास सभ्य वाटावेत. पाऊस केव्हाही येतो. नशीब असेल तर तांबडी खार दिसते. इंग्लंडात उरलेल्या तांबड्या खारींपैकी निम्म्याच्या आसपास ह्याच अरण्यात आहेत. पाण्यावर ऑस्प्रे नावाचा मासेमार शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसेल. शतकानुशतके नाहीसा झालेला हा पक्षी २००९ पासून येथे पुन्हा घरटी करू लागला.

सगळेच आलबेल आहे असेही म्हणत नाही. बिनमोटारीच्या ह्या वाटेवर पोहोचायला आम्हाला पावणेदोन तास मोटारच चालवावी लागली, आणि आगगाडी असती तर ती लागली नसती, हा विनोद मला तेथेच कळला. शिवाय अशी वाट एकदा करून भागत नाही. नोव्हेंबर २०२१ मधल्या आर्वेन वादळाने तिथली झाडे शेताशेतांनी आडवी केली. ती उपसायची, खडी पुन्हा पसरायची, ओढ्यांवरचे पूल सांभाळायचे, हे काम कायम चालू ठेवावे लागते. त्यासाठी कोणीतरी दर साल पैसे आणि माणसे बाजूला काढीत असते.

परतीच्या विमानात मला आजव्याची आठवण येत राहिली. आपल्या बडोद्यालाही असा एक तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला, आणि आजही शहर त्याचे पाणी पिते. कॉलेजात असताना आम्ही पाचसहा मित्र भल्या पहाटे निघून सायकलने आजव्याला जात असू. दहा वाजता पाळीवर बसून दशम्या आणि लोणचे, मग एक डुलकी, आणि तिन्हीसांजेच्या आत घरी. घरच्यांना काळजी असायची ती पंक्चरची. त्याहून अधिक काळजी करावी असे त्या रस्त्यावर काही नव्हतेच. आज आजवा चोकडीपाशी महामार्ग ओलांडताना मोटारीत बसलेल्या माणसालाही देवाचे नाव घ्यावे लागते. नऊ वर्षांच्या मुलीला तेथून सायकलवर कोण पाठवील?

कील्डरसारखे अरण्य आपल्याकडे नाही आणि तसा पैसाही कदाचित नसेल. पण त्या वाटेत मला जे सर्वांत मोलाचे वाटले ते अरण्य नव्हते, चकाकणारी खोलीही नव्हती. इतक्या जागेत मोटार येणार नाही, एवढा एक निर्णय तेवढा होता. तो घेतल्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी, चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पायांनी अधू गृहस्थ आणि घोड्यावरची बाई ही सगळी माणसे एकाच रस्त्यावर आली, आणि कोणी कोणाला घाबरले नाही. निर्णयाला सव्वीस मैल लागत नाहीत. एखाद्या तळ्याची पाळ, एखाद्या कालव्याचा काठ, रविवारच्या सकाळी चार तास बंद केलेला एखादा रस्तासुद्धा पुरतो.

घरी आल्यावर मी जिन्याखालचा पंखा, आकाशकंदील आणि वर्तमानपत्रे उपसली. सायकल गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने तिला दोन टायर, दोन ट्यूब आणि नवी चेन घातली, सांगाडा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "काका, अशी आता मिळत नाही." आता मी रोज पहाटे साडेपाचला, मोटारी झोपेत असताना, सूरसागराभोवती दोन फेऱ्या मारतो. सव्वासहाला परत. त्यानंतर रस्ता पुन्हा त्यांचा.

डिसेंबरात मुलगी येणार आहे, आणि नातीने फोनवर बजावले आहे की तिच्यासाठी एक लहान सायकल आणून ठेवायची. सायकल मी बघून ठेवली आहे. "आणि आजोबा, आपण चालवायची कुठे?" असे तिने विचारले तेव्हा मी म्हटले, "ये तर खरी, मग बघू."

डिसेंबरला अजून अवकाश आहे. बडोद्यातल्या कोणा वाचकाला एखादी जागा ठाऊक असेल, तर नातीला सांगायला मला उत्तर मिळेल.